सह्याद्री चार महिन्यांचा नाही

‘सह्याद्री बघायचा तो पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर कॅमेरा घेऊन फिरा, सप्टेंबर संपला की बॅग आवरा. पुढचे आठ महिने तिथे उघडा दगड, वाळलेलं गवत आणि धूळ. फोटो काढण्यासारखं काही नसतं.’ हे मत आता सर्रास ऐकू येतं. ट्रेकच्या सहली काढणारे ते सांगतात, छायाचित्रणाच्या कार्यशाळा घेणारे सांगतात. कॅलेंडरं आणि दिवाळी अंक यांत छापला जाणारा सह्याद्री बहुतेक वेळा हिरवाच असतो. एप्रिलमधल्या रतनगडाचा फोटो कुणी दाखवला, तर ‘हाच ऑगस्टमध्ये काढा’ असा सल्ला त्याला हमखास मिळतो.

मला हे मत साफ अमान्य आहे. कुणाला हिरवा रंग आवडतो, कुणाला पिवळा, एवढाच वाद असता तर लिहिण्याचं कारण नव्हतं. पण या मताच्या पोटात एक समज आहे: हिरवं तेवढं जिवंत, बाकीचं मेलेलं. हा समज फोटोंतून लोकांच्या मनात रुजतो, आणि जिथे काहीच नाही असं एकदा मनाने घेतलं, तिथे काहीही केलेलं चालतं.

आधी समोरच्या बाजूचं म्हणणं नीट मांडायला हवं, कारण त्यात तथ्य नाही असं नाही. देशावरच्या माणसाने वर्षाचे बहुतेक महिने तपकिरी माळ पाहिलेला असतो. त्याला घाटमाथ्यावरचं जुलैचं हिरवेपण वेड लावणारच. उन्हाळ्यात हवेत धूळ असते, समोरची रांग पुसट दिसते, दुपारचा उजेड फोटोला मारक असतो. पाण्याचे हाल होतात. आणि एक युक्तिवाद असाही केला जातो की हिमालयाला ऋतू आहेत, बर्फ आहे, वितळण आहे. सह्याद्रीला एकच ऋतू, तो सरला की छायाचित्रकाराने लडाखचं तिकीट काढावं. शिवाय पावसाळी पर्यटनावर घाटातल्या कित्येक घरांची चूल पेटते, हेही खरं. यातला एकेक मुद्दा घेऊ.

उजेडापासून सुरुवात करतो, कारण छायाचित्रकाराला तो आधी कळायला हवा. जुलै-ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावर दिवसेंदिवस ढग उतरलेला असतो. अलंग, मदन, कुलंग हे तीन दुर्ग समोरासमोर उभे असूनही एकावरून दुसरा दिसत नाही. उजेड चहूबाजूंनी सारखा येतो, सावली पडत नाही, आणि सावलीवाचून डोंगराला आकार नाही. ओल्या पानांवर चकाकी असते ती फिल्टर लावून काढायची आणि मग घरी बसून हिरवा रंग चढवायचा, असं करून जे हाती येतं त्यात डोंगर कुठला आहे हे पुष्कळदा ओळखूही येत नाही. धुकं, ओला दगड, एक झाड, पाठमोरा माणूस. हा फोटो राजमाचीचा म्हणून खपतो आणि आंबोलीचा म्हणूनही.

डिसेंबरात काय होतं? सूर्य दक्षिणेला कललेला असतो. नाशिक ते पुणे या पट्ट्यात 21-22 डिसेंबरला भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम 47-48 अंश वर येतो. उजेड दिवसभर तिरपा असतो, आणि तिरप्या उजेडात कातळ बोलू लागतो. हा डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला. प्रत्येक थराची जाडी वेगळी, झिजण्याची रीत वेगळी. टणक थर उभा कडा होऊन राहिला, ठिसूळ थर उताराचा पट्टा झाला. साल्हेरच्या माथ्यावरून (1567 मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला) हिवाळ्याच्या सकाळी मुल्हेर आणि मांगी-तुंगीकडे पाहिलं की हे थर एका डोंगरातून दुसऱ्या डोंगरात सरळ रेषेत गेलेले दिसतात. मधली दरी पाण्याने नंतर कोरली हे कुणी न सांगता कळतं. पावसाळ्यात गवताने आणि ढगाने ही सगळी रचना झाकलेली असते.

धुळीचा आणि दुपारच्या उजेडाचा आक्षेप मात्र मेपुरता खरा आहे. मे महिन्याच्या मध्याला पुणे-मुंबईच्या डोक्यावर सूर्य इतका बरोबर येतो की दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. त्या वेळी कॅमेरा बंदच ठेवावा. पण त्याच धुळीमुळे पहाटे आणि सांजेला एकामागे एक रांगा वेगवेगळ्या छटांत उभ्या राहतात. आणि वळीव पडून गेला की हवा अशी धुऊन निघते की आदल्या दिवशी न दिसणारे कडे हाताशी आल्यासारखे वाटतात. वळवाआधी दुपारी घाटमाथ्यावर ढगांचे मनोरे चढतात, तसं आकाश ऑगस्टमध्ये एकदाही मिळत नाही. (विजेच्या वेळी माथ्यावर थांबू नये, हे वेगळं सांगायला नको.)

आता ‘एकच ऋतू’ या म्हणण्याकडे वळू. जंगलात पाऊल न टाकताच ते केलं जातं, असं मला वाटतं. सप्टेंबरअखेर सोनकीने उतार पिवळे होतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत सोनेरी होतं आणि पहाटे कोकणाच्या बाजूला ढगांचा समुद्र साचतो. जानेवारीपासून काटेसावर फुलू लागते, मागोमाग पळस आणि पांगारा. तिन्ही पानं टाकून फुलतात, म्हणून फुलावर आलेले मैना, बुलबुल, कोतवाल उघडे दिसतात. मार्च-एप्रिलमध्ये भीमाशंकर-महाबळेश्वरकडे अंजनीच्या फांद्या निळ्या-जांभळ्या फुलांनी भरून जातात. एप्रिलअखेर बहावा, करवंदं, जांभळं. मेअखेर काजवे. काजव्यांचा बहर हा मोसमी पाऊस स्थिरावण्याआधीचा, हे त्यांच्यासाठी भंडारदऱ्याला गाड्यांच्या रांगा लावणारेच विसरतात.

पण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते मार्चमधलं कोशिंबाचं झाड. बाकीचा उतार करडा झालेला असतो, ओढे आटलेले असतात, मोसमी पाऊस यायला अजून जवळजवळ तीन महिने असतात, आणि हे झाड नवी पालवी काढतं. पालवी लालभडक असते. लांबून झाडाने पेट घेतला आहे असं दिसतं. जवळ जाऊन पान उन्हाकडे धरलं तर ते पातळ, तकतकीत, तांबूस काचेसारखं. शिरा मोजता येतात. आठ-पंधरा दिवसांत लाल उतरत जातो, पिवळसर होतो, मग हिरवा. पाऊस आल्यावर झाड हिरवं होतं असं आपण शाळेत शिकलो; हे झाड पावसाच्या आधी, जमिनीत मुरलेल्या पाण्यावर, ऐन कोरड्या दिवसांत हिरवं होतं. सह्याद्रीच्या पानझडी जंगलातली कितीतरी झाडं असंच करतात. म्हणजे डोंगराचा वसंत उन्हाळ्यात पडतो. तो वसंत ज्याने पाहिला नाही, त्याने सह्याद्रीला ऋतू नाहीत म्हणावं, हे मला पटत नाही.

सड्यांकडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळाच्या पठारांकडे, पाहिलं की ‘हिरवं तेवढं जिवंत’ या समजाने होणारं नुकसान सर्वांत स्पष्ट दिसतं.

कासचं पठार सगळ्यांना ठाऊक आहे. 2012 मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली त्यांत ते आहे. ऑगस्ट ते ऑक्टोबर तिथे तेरडा, गेंद, सीतेची आसवं फुलतात आणि गर्दी इतकी होते की प्रवेशावर मर्यादा घालावी लागली. पण कास हा एकटा सडा नाही. जांभ्याच्या टोपीचे असे सडे सातारा-कोल्हापूरपासून खाली कोकणापर्यंत पसरले आहेत. एप्रिलमध्ये तिथे उभं राहिलं तर समोर काळपट-तांबूस दगड आणि त्याच्या खळग्यांत बोटभर माती, एवढंच दिसतं. त्या बोटभर मातीत सप्टेंबरचं सगळं पठार असतं: गेंदांच्या बिया, रानकांद्यांचे कंद, वायतुऱ्याचे कंद. वायतुरा ही पाणवनस्पती साताऱ्याच्या परिसरातल्या सड्यांवर प्रथम नोंदली गेली. तळं आटलं की ती मातीत कंद राखून पुढच्या पावसाची वाट पाहते. त्या मातीवरून उन्हाळ्यात जीप घातली, तिथे चूल मांडली, की पुढच्या भादव्यातली फुलं गेली. जीप घालणारा वाईट नसतो. तिथे काही नाही, असं त्याला सगळ्यांनी सांगितलेलं असतं.

साताऱ्याजवळ चाळकेवाडीचा सडा आहे, पवनचक्क्यांचा. एप्रिलमध्ये सकाळी नऊच्या सुमाराला तिथे जमिनीलगत पडून राहिलं की थोड्या वेळाने एक सरडा दगडावर चढतो. वीतभर लांबीचा, दगडाच्याच रंगाचा, नजर हलली तर हरवावा असा. मग तो मान उंच करतो आणि गळ्याची झालर उघडतो: निळी, मध्ये काळी, मागे केशरी. उघडतो, मिटतो, उघडतो. पलीकडच्या दगडावर दुसरा नर तेच करत असतो. ही त्यांची विणीच्या हंगामाची लगबग, आणि तिचे दिवस म्हणजे उन्हाळ्याचे. ही जात विज्ञानात नवी म्हणून नोंदली गेली ती 2016 मध्ये. ज्या जागेवर आठ महिने काही नसतं असं आपण म्हणतो, तिथला इतका भडक रंगाचा प्राणी परवापरवापर्यंत वेगळी जात म्हणून कुणाच्या लक्षात आला नव्हता.

पुढची गोष्ट अधिक गंभीर आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी याच चाळकेवाडीला पवनचक्क्या असलेला भाग आणि नसलेला भाग यांची तुलना केली. ती 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी होते. पक्ष्यांची भीती गेली म्हणून सरड्यांची संख्या वाढली, पण ते सरडे अंगाने बारीक आणि झालरीच्या रंगाने फिके होते. पठारावरच्या साखळीची एक कडी हलली आणि तिचा परिणाम सरड्याच्या गळ्यापर्यंत पोचला. पवनऊर्जा नको असं मी म्हणत नाही. पण असे प्रकल्प कुठे करायचे हे ठरवताना सडे ‘ओसाड’ या खात्यात धरले जातात. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात खडकाळ ओसाड जमिनीचा एक वर्गच आहे आणि सडे त्यात जाऊन पडतात. डॉ. अपर्णा वाटवे यांच्यासारखे अभ्यासक वर्षानुवर्षं सांगत आहेत की सडा ही स्वतंत्र परिसंस्था आहे. कोल्हापूर जिल्ह्यात सड्यांवर बॉक्साइटच्या खाणी झाल्या. खाणीचा आदेश फोटो पाहून निघत नाही, हे मला कळतं. पण तो निघाल्यावर लोक गप्प का राहतात, याचं उत्तर आपल्या भिंतींवरच्या कॅलेंडरांत आहे.

जे जमिनीचं, तेच माणसांचं. पावसाळ्यातल्या फोटोंत गावं भरलेली असतात. आवणी चालू, इरली-घोंगड्या, चिखलातली पोरं. दिवाळीनंतर त्याच भागात गेलं तर रायगड-ठाण्याकडच्या कितीतरी कातकरी वाड्यांत दारांना कड्या लागलेल्या असतात, कारण बिऱ्हाडं वीटभट्ट्यांवर गेलेली असतात; ती परततात पावसाच्या तोंडावर. जुन्नर, आंबेगाव, अकोल्याच्या डोंगरात एप्रिल-मे हा बाळहिरडा गोळा करण्याचा हंगाम. महादेव कोळी घरांतली लहानथोर सगळी माणसं त्याला जुंपलेली असतात, अंगणं काळ्या पडत चाललेल्या हिरड्याने भरलेली असतात, आणि वर्षाची रोकड त्यातूनच येते. त्याच सुमारास राब भाजतात, मोह वेचतात, घरं शाकारतात. डोंगरातला माणूस सगळ्यांत जास्त राबतो ते हे महिने. त्याच महिन्यांत कॅमेरे घरी असतात, म्हणून आपल्या चित्रांतला डोंगरातला माणूस कायम भात लावताना दिसतो.

आणि पाणी. शहापूर तालुक्यातल्या विहीगावच्या धबधब्याखाली जुलैमध्ये उभं राहायला जागा नसते. मुंबईची तहान भागवणारी भातसा आणि तानसा ही धरणं याच तालुक्यात आहेत. आणि याच तालुक्यातले पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, बायका विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरतात. जुलैचा फोटो खरा आहे, पण तो एकटाच दाखवला की पाणी मुबलक आहे असं पाहणाऱ्याला वाटणारच.

पावसाळाच खरा सह्याद्री, असं म्हणताना परंपरेचा दाखला दिला जातो तेव्हा मला विशेष आश्चर्य वाटतं. या डोंगरात वावरलेल्या माणसांची रीत नेमकी उलटी होती. बौद्ध भिक्षू पावसाळ्यात लेण्यांत वर्षावासाला थांबत आणि पाऊस सरला की चालू लागत. जुन्नरभोवतीची, कार्ले-भाज्याची लेणी त्या मुक्कामांची साक्ष आहेत. नाणेघाटातून व्यापाऱ्यांचे तांडे चढत ते कोरड्या दिवसांत. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमा निघत. प्रतापगडाचा प्रसंग 10 नोव्हेंबर 1659 चा, उंबरखिंडीचा फेब्रुवारी 1661 चा, सिंहगडाचा फेब्रुवारी 1670 चा. पन्हाळ्याहून जुलै 1660 मध्ये झालेली सुटका आपल्या मनात इतकी ठसली, त्याचं एक कारण हेच की भर पावसात त्या वाटेने कुणी जाईल अशी शत्रूची अपेक्षा नव्हती. टाकी खोदली गेली, तट चढले, तेही उघडिपीच्या महिन्यांत. किल्ल्यांवर जन्मभर प्रेम केलेल्या गो. नी. दांडेकरांची भटकंतीही कुठल्या एका ऋतूला बांधलेली नव्हती.

पावसाळ्यातच जाण्याच्या आग्रहाची किंमत माणसंही देतात. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूला एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. डोंगरात राहणाऱ्यांसाठीही हे महिने जीवघेणे ठरतात: 30 जुलै 2014 ला माळीण हे गाव दरडीखाली गाडलं गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली आली. त्या वाडीतून कित्येक जणांनी धुक्याचे फोटो काढले असतील. सांदण दरीत पाण्याचा लोंढा केव्हा येईल याचा नेम नसतो, म्हणून तिथे पावसाळ्यात उतरत नाहीत. चार महिन्यांत सगळी गर्दी कोंबली की वाटा खचतात, गडांवर कचरा साठतो आणि बचावपथकांच्या कार्यकर्त्यांना शनिवार-रविवारी झोप मिळत नाही.

रोजगाराचा मुद्दा इथेच येतो, आणि तो माझ्या बाजूचा आहे. घाटातल्या घरगुती खाणावळीला चार महिने झुंबड आणि आठ महिने शुकशुकाट नको असतो. हीच माणसं वर्षभर थोडी थोडी आली तर वाडीला पेलवतं आणि एखादं बिऱ्हाड भट्टीवर जायचं थांबतं.

पावसाळ्याचं देणं मी नाकारत नाही. कोकणकड्यावरून खालच्या धुक्यात सकाळच्या उन्हात दिसणारं इंद्रवज्र, सात-आठ वर्षांनी फुलणारी कारवी, महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर कोसळणारा पाऊस आणि खाली वाईत त्याच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी, हा सगळा चमत्कार त्या महिन्यांचा आहे. उन्हाळ्यात जाणाऱ्यानेही जपून जावं: पहाटे चढावं, अकराच्या आत सावली गाठावी, कुठल्या टाक्याचं पाणी पिण्याजोगं आहे हे गावात विचारून घ्यावं, आग्या मोहोळाच्या कड्याखाली धूर आणि अत्तर टाळावं, आणि वाळल्या गवतात ठिणगी पडू देऊ नये. वणवा लावला की पुढच्या वर्षी गवत जोमाने येतं, हा गैरसमज छायाचित्रकारांनी जळलेल्या उतारांचे फोटो दाखवूनच मोडायला हवा.

छायाचित्रण शिकणाऱ्यांना माझं सांगणं आहे: दहा ठिकाणचा ऑगस्ट गोळा करण्यापेक्षा एक जागा धरा. घराजवळचा एखादा सडा, एखादा कडा, एखादी विहीर. तिथेच, त्याच दगडावर उभं राहून, बाराही महिने फोटो काढा आणि एकाखाली एक लावा. आणि कॅलेंडरं, दिवाळी अंक काढणाऱ्यांना विनंती आहे की एप्रिलचं पान एप्रिलमध्येच काढलेल्या फोटोला द्या, आणि प्रत्येक फोटोखाली जागेच्या नावासोबत महिनाही छापा.